एल्फिन्स्टन घराण्याच्या शोधात: स्कॉटलंडची दप्तरे नऊ महिने वापरल्यानंतर

मुंबईतील एल्फिन्स्टन कॉलेज आणि २०१८ मध्ये प्रभादेवी असे नामांतर झालेले एल्फिन्स्टन रोड स्थानक या दोन्ही नावांमागे एकच गव्हर्नर असावा, असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात कॉलेज माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाचे, जो १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. तर स्थानक त्याच्या पुतण्याच्या, म्हणजे १८५३ ते १८६० या काळातील गव्हर्नर जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, याच्या नावाचे. हा गोंधळ निस्तरावा म्हणून मी घराण्याची वंशावळ मूळ नोंदींवरून स्वतः मांडायला घेतली आणि गेले नऊ महिने, बहुतेक रात्री जेवणे झाल्यावर, पुण्यात बसून स्कॉटलंडची दप्तरे चाळली. त्या वापराचा हा अनुभव आहे.

मुख्य साधन म्हणजे ‘स्कॉटलंड्स पीपल’ हे सरकारी संकेतस्थळ. सूचीत शोध घेणे बहुतांशी विनामूल्य आहे. मूळ पानाची प्रतिमा उघडायची तर क्रेडिट लागतात. माझ्या वापराच्या काळात ३० क्रेडिटना ७.५० पौंड पडत होते आणि जन्म, विवाह किंवा मृत्यूच्या नोंदीच्या एका प्रतिमेला ६ क्रेडिट, म्हणजे दीड पौंड. एकदा उघडलेली प्रतिमा आपल्या खात्यात राहते, ही सोय मोठी आहे. मी पाच वेळा क्रेडिट घेतले आणि त्यांतले पहिले तीस जवळजवळ पूर्ण वाया घालवले. दोष संपूर्ण माझा होता. अकरावा, बारावा, तेरावा आणि चौदावा असे लागोपाठ चार लॉर्ड एल्फिन्स्टन ‘जॉन’च आहेत, आणि सूचीत नाव, वर्ष व पॅरिश (एका चर्चच्या अखत्यारीतला भाग) एवढेच दिसत असल्याने मी उत्साहाच्या भरात भलत्याच जॉनची पाने उघडत बसलो. त्यांतील निम्मे तर लॉर्डाच्या घरातलेही नव्हते. आडनावापुरते एल्फिन्स्टन होते.

यावरून घेतलेला धडा हाच या अनुभवाचा गाभा आहे. आपल्याकडे एखाद्या वतनदार घराण्याचा शोध घेताना जन्मपत्रिकांपेक्षा वतनाचे कागद अधिक बोलतात. स्कॉटलंडमधील जमीनदार घराण्यांचेही तसेच आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदींपासून सुरुवात करणारा माणूस लवकर अडतो. चर्चच्या जुन्या पॅरिश नोंदवह्या १५५३ पासून १८५४ पर्यंतच्या म्हणून सांगितल्या जातात; पण १५५३ पासूनची वही एरल या एकाच पॅरिशची आहे आणि अन्यत्र मधली पानेच्या पाने नाहीत. शिवाय १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, त्यामुळे अनेकांनी नोंद करण्याचेच टाळले. सक्तीची नागरी नोंदणी सुरू झाली ती १८५५ मध्ये. जमिनीचे मात्र तसे नाही. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात गेली की कागद होणारच, कारण कागद नसेल तर हक्क नाही.

जमीन ताब्यात देण्याच्या विधीला आणि त्याच्या लेखालाही ‘सेझिन’ म्हणतात. शेतावर जाऊन साक्षीदारांसमोर नव्या मालकाच्या हातात त्याच जमिनीची माती आणि दगड ठेवायचे, आणि नोटरीने त्याचा लेख करायचा, अशी रीत होती. ती १८४५ च्या कायद्याने संपली. १६१७ पासून हे लेख सार्वजनिक वहीत नोंदवणे बंधनकारक झाले आणि ती मालिका पुढे अखंड चालत राहिली. माझ्या दृष्टीने संपूर्ण दप्तरातील हा सर्वांत मोलाचा ऐवज आहे, कारण एका सेझिनमध्ये बाप, मुलगा, बायकोचे माहेर, तिच्या उदरनिर्वाहासाठी तोडून दिलेली जमीन आणि साक्षीला उभे राहिलेले चुलते-मामे असे सगळे एकत्र सापडू शकतात. स्कॉटलंडमधील स्त्रिया लग्नानंतरही कायदेशीर कागदांत माहेरचे आडनाव वापरत, हे येथे फार उपयोगी पडते. मला घरबसल्या वापरता आल्या त्या छापील सूची आणि सारांश. मूळ वह्या पाहायच्या तर एडिनबर्गमधील जनरल रजिस्टर हाउसमध्ये बसावे लागते. रॉबर्ट ॲडमने आराखडा केलेली आणि १७७४ मध्ये पायाभरणी झालेली ही इमारत मी अजून छायाचित्रांतच पाहिली आहे.

सेझिन वाचताना एक सावधगिरी हवी. नाव बदलले म्हणजे जमीन विकली गेली असे नाही. ‘वॉडसेट’ नावाचा प्रकार आहे. तो म्हणजे सरळ ताबेगहाण. सावकाराच्या नावावर सेझिन होते, आणि पैसे फिटले की जमीन परत येते. मी सुरुवातीला अशा दोन नोंदी विक्री समजून टिपून ठेवल्या होत्या. पुढे तेच शेत पुन्हा जुन्या नावावर दिसल्यावर चूक कळली.

दुसरा आधार म्हणजे वारस ठरवण्याच्या नोंदी, ज्यांना ‘रिटूर’ म्हणतात. आपल्या तलाठ्याकडची वारसनोंद डोळ्यांसमोर आणावी, फक्त येथे पंधरा जणांची ज्यूरी बसून मृत माणसाचा कायदेशीर वारस कोण हे ठरवत असे आणि निकाल चॅन्सरीकडे, म्हणजे राजाच्या दस्तकचेरीकडे, परत धाडत असे. नावही त्या ‘परत धाडण्या’वरूनच पडले. १७०० पर्यंतच्या रिटूरांचे लॅटिन सारांश १८११ ते १८१६ मध्ये छापले गेले आणि त्यांच्या स्कॅन प्रती आज विनामूल्य मिळतात. मला लॅटिन येत नाही, पण शब्द तेच तेच असल्याने महिन्याभरात काम भागू लागले. घोटाळा करतो तो ‘नेपोस’ हा एक शब्द, कारण त्याचा अर्थ नातू होतो तसाच पुतण्या-भाचाही होतो. तेथे दुसरा कागद हाताशी असल्याशिवाय पिढी मांडू नये. कालमर्यादेचीही अडचण आहे. वारस म्हणून सिद्ध होण्याला मुदत नसे, त्यामुळे बाप वारल्यावर वीस-तीस वर्षांनीही रिटूर झालेले आढळते, आणि रिटूरच्या वर्षावरून मृत्यूचे वर्ष ठरवणारा हमखास फसतो.

मृत्युपत्रांकडून मी फार अपेक्षा ठेवल्या होत्या. स्कॉटलंडमध्ये १८६८ पर्यंत मृत्युपत्राने स्थावर मालमत्ता कोणाला देताच येत नसे. मृत्युपत्र फक्त जंगम मालमत्तेचे, म्हणजे गुरे, धान्य, भांडीकुंडी आणि येणे-देणे यांचे. जमीन थोरल्या मुलाकडे जाणार हे कायद्यानेच ठरलेले होते, आणि विनामृत्युपत्र वारशातील थोरल्याचा हा हक्क तर १९६४ पर्यंत टिकला. परिणाम असा की ज्या थोरल्या मुलाचा आपण शोध घेतो तोच बापाच्या मृत्युपत्रात अनेकदा दिसत नाही, आणि धाकटी भावंडे मात्र ओळीने हजर असतात. हे ठाऊक नसेल तर ‘थोरला बापाआधी वारला असावा’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. माझ्या वहीत तो दोन ठिकाणी काढून झाला होता.

एल्फिन्स्टनांच्या बाबतीत जमिनीचा माग सर्वाधिक फळला तो कंबरनॉल्डच्या इस्टेटीमुळे. कंबरनॉल्ड मूळचे फ्लेमिंग घराण्याचे, म्हणजे विगटनच्या अर्लांचे. सहाव्या अर्लची मुलगी क्लेमेंटिना हिने १७३५ मध्ये चार्ल्स, दहावा लॉर्ड एल्फिन्स्टन, याच्याशी लग्न केले. १७४७ मध्ये तिचा चुलता, सातवा अर्ल, वारल्यावर अर्लपद संपले आणि जमिनी तिच्याकडे आल्या. माउंटस्टुअर्ट हा तिचा नातू. त्याचा भाऊ चार्ल्स याने कंबरनॉल्ड मिळाल्यावर आडनावाला ‘फ्लीमिंग’ (फ्लेमिंगचेच एक रूप) जोडले. नुसत्या आडनावाच्या सूचीवर विसंबणाऱ्याला हा माणूस निम्म्या आयुष्यानंतर नाहीसा झाल्यासारखा वाटेल. जमिनीचा वारसाक्रम बांधून देणाऱ्या आणि बरेचदा आडनाव घेण्याची अटही घालणाऱ्या दस्तांना ‘टेल्यी’ (tailzie) म्हणतात आणि १६८५ च्या कायद्यानंतर त्यांची स्वतंत्र नोंदवही आहे. या शब्दाच्या इंग्रजी लेखनात झेड अक्षर असते, पण ते मूळचे झेड नव्हेच. जुन्या लिपीतील ‘य’सारख्या उच्चाराच्या अक्षराला छापखान्यांनी झेडचा खिळा लावला.

लिपीचा हा प्रश्न पुढे येतोच. सोळाव्या-सतराव्या शतकांतील ‘सेक्रेटरी’ वळण पहिल्यांदा पाहिले तेव्हा मोडी शिकायला बसलो होतो त्या दिवसांची आठवण झाली: अक्षर ओळखू येत नाही, मग शब्द ओळखीचा होतो, आणि त्यानंतर अक्षर कळते. यासाठीचे विनामूल्य धडे उत्तम आहेत आणि पैसे खर्च करण्यापूर्वी ते पुरे करावेत असे माझे स्पष्ट मत आहे. आडनावाची रूपे एल्फिंगस्टून, एल्फिन्स्टाउन अशी अनेक दिसतात, तेव्हा शोधात कोणत्याही अक्षरांच्या जागी चालणारे ताऱ्याचे चिन्ह वापरणे भाग पडते. आपल्याकडच्या लोकांनी त्याच नावाचे ‘अल्पिष्टन’ केले, तर तक्रार करायला फारशी जागा नाही.

तारखांबद्दल एकच उदाहरण देतो. घराण्याला लॉर्डपद मिळाले ती तारीख कोठे १४ जानेवारी १५०९ दिसते, कोठे १५१०. दोन्ही बरोबर आहेत. स्कॉटलंडमध्ये १६०० पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून जानेवारी जुन्या गणनेने आदल्या वर्षात पडतो. तीनच वर्षांनी, १५१३ मध्ये, तो पहिला लॉर्ड फ्लॉडनच्या लढाईत मारला गेला, आणि दुसरा १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत.

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचे नकाशे हा विनामूल्य आणि निर्मळ आनंद आहे. विल्यम रॉय याच्या १७४७ ते १७५५ च्या लष्करी मोजणीचा नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहता येतो. या घराण्याला तो विशेष उपयोगी, कारण ‘एल्फिन्स्टन’ नावाची ठिकाणे दोन आहेत: मूळ गाव ईस्ट लोदियनमध्ये, जे पंधराव्या शतकात मुलीच्या लग्नामुळे जॉन्स्टनांकडे गेले, आणि दुसरे स्टर्लिंगशरमधील एअर्थजवळ, जेथे पुरुषवंशाने आपले नाव नव्या जमिनीला दिले. हे दुसरेही १७५४ मध्ये डनमोरच्या अर्लला विकले गेले आणि त्याचे नाव बदलून डनमोर झाले. माथ्यावर भलामोठा दगडी अननस असलेली ती प्रसिद्ध इमारत तेथलीच.

एका व्यापारी वंशावळ-संकेतस्थळाचे वर्षाचे सदस्यत्वही मी घेतले होते. नाव लिहीत नाही. तेथील तयार वृक्षांपैकी तिघांनी माउंटस्टुअर्टला बाराव्या लॉर्डचा मुलगा केले आहे, जो त्याचा भाऊ होता, आणि एकाने १८४२ मध्ये अफगाणांच्या कैदेत वारलेल्या जनरल विल्यम एल्फिन्स्टनला त्याच्याशी एकजीव करून टाकले आहे. जनरल हा त्याचा चुलतभाऊ, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक असलेल्या काका विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टनचा मुलगा. हीच काकाची शाखा पुढे महत्त्वाची ठरते: मुंबईचा गव्हर्नर असलेला तेरावा लॉर्ड १८६० मध्ये अविवाहित वारला, त्याचा चुलतभाऊ चौदावा लॉर्ड पुढच्याच वर्षी गेला, आणि पद काकाच्या वंशजाकडे, पंधराव्या लॉर्डकडे आले.

खुद्द माउंटस्टुअर्टची मृत्युनोंद स्कॉटलंडच्या १८५५ नंतरच्या नोंदवह्यांत शोधण्यात मी दोन रात्री घालवल्या. तो २० नोव्हेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात, हूकवूड येथे वारला. त्याची नोंद इंग्लंडच्या वह्यांत असणार, आणि त्या वह्यांचा कारभार, शुल्क आणि सूची सगळेच वेगळे आहे. त्याचे खासगी कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत. उरलेली अठरा क्रेडिट मी तूर्त काकाच्या शाखेसाठी राखून ठेवली आहेत.