चेस्टरचा पॉपाय आणि त्याची अख्खी गँग: सेंट लुईसकडे असाल तर जाऊन याच

सेंट लुईसहून गाडी काढली की सव्वा-दीड तासात मिसिसिपीच्या काठावर चेस्टर लागतं, इलिनॉयमधलं छोटंसं गाव. पालक खाऊन ताकद येणाऱ्या कार्टूनमधल्या खलाशाचा, म्हणजे पॉपायचा जनक एल्झी सेगर इथलाच, १८९४ चा जन्म. १९२९ मध्ये त्याने पॉपायला कॉमिक स्ट्रिपमध्ये आणलं आणि गावाने १९७७ मध्ये पुलाजवळच्या पार्कात पॉपायचा ब्राँझचा पुतळा उभा केला, सहा फूट उंच आणि वजन म्हणे ९०० पौंड.

याच राज्यात मेट्रोपोलिसला १५ फुटी सुपरमॅन आहे, तोही बघितलाय, भारीच आहे, पण ते गाव कॉमिकमधल्या सुपरमॅनच्या शहराशी नाव जुळलं म्हणून सुपरमॅनचं झालं. चेस्टरचं तसं नाही, इथली खरी माणसंच कॉमिकमध्ये गेली. गावात फ्रँक फिगल नावाचा एक माणूस होता, रॉकी म्हणायचे त्याला, पाईप ओढणारा आणि मारामारीत कुणाला न ऐकणारा, त्याच्यावरून पॉपाय. डोरा पास्केल म्हणून उंच सडपातळ दुकानदारीण होती, मागे अंबाडा घालायची, ती झाली ऑलिव्ह ऑइल, पॉपायची मैत्रीण. आणि सेगर पोरगा असताना ज्या ऑपेरा हाऊसमध्ये सिनेमाची मशीन चालवायचा त्याचा मालक शुशर्ट, त्याला हॅम्बर्गरचं वेड, म्हणून पॉपायचा हॅम्बर्गरवेडा दोस्त विम्पी! हे माहीत असलं ना की पुतळ्यापुढे उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं, जणू गावाने आपल्याच शेजाऱ्यांचे पुतळे केलेत.

२००६ पासून बाकीची मंडळी एकेक करून यायला लागली, पहिला नंबर विम्पीचा. हे पुतळे ग्रॅनाइटचे आहेत. मला सगळ्यात आवडली ती कोर्टाजवळची ऑलिव्ह, कडेवर स्वी'पी नावाचं बाळ आणि पायाशी तो जीप नावाचा प्राणी. कोर्टात कामाला आलेली माणसं तिच्या बाजूने फाइली घेऊन जातात, कुणी वळूनही बघत नाही इतकी ती त्यांच्यातली झालीये. पॉपायचा दांडगा वैरी ब्लूटो बँकेपाशी आहे. आणि पॉपायचे ते दंड... दंड कसले, मनगटाच्या वरचा भागच केवढा फुगलेला, स्ट्रिपमध्ये असतो अगदी तसाच घडवलाय, माझ्या लेकाने दोन्ही हातांनी धरायचा प्रयत्न केला तरी मिठीत येईना.

आता अडचणी. पुतळे गावभर विखुरलेत, गाव चढउताराचं, चालत सगळं होणार नाही, गाडी लागतेच, आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर दोन-चार ठिकाणंच करा. उन्हाळ्यात दुपारी तर अजिबात नको. पण बघायला पैसे लागत नाहीत, दोरी नाही, काच नाही, पोरांना हात लावता येतो, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुण्यात सिंबायोसिसमध्ये लक्ष्मण यांचा कॉमन मॅन उभा आहे, त्याच्यासोबत आपल्याकडच्या अजून कितीतरी पात्रांना अशी जागा मिळायला हवी, खरंच हवी.

जुन्या ऑपेरा हाऊसच्या इमारतीत पॉपायच्या वस्तूंचं दुकान आणि छोटं म्युझियम आहे, तिथे वेळ ठेवा, पण उघडं आहे का ते आधी फोन करून विचारा. सप्टेंबरात लेबर डेनंतरच्या (म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारनंतरच्या) वीकेंडला पॉपाय पिकनिक असते, परेड वगैरे, पोरांना मजा येईल, मात्र पुतळ्यांबरोबर निवांत फोटो हवे असतील तर तो वीकेंड सोडून जा.