स्टिक चालूच होईना, आणि दोष निघाला भलत्याचाच

आठ महिने झाले ही स्ट्रीमिंग स्टिक वापरतोय, पिक्चर वगैरे मस्त, तक्रार नाही, पण गेल्या आठवड्यात अचानक मेली. लाइट नाही, टीव्हीवर नो सिग्नल, रिमोटचे सेल बदलून झाले तरी ढिम्म. कस्टमर केअरवाल्याने अर्धा तास रीस्टार्ट करा, रीस्टार्ट करा केलं, अरे बाबा चालूच होत नाहीये तर रीस्टार्ट काय करू??

मग लक्षात आलं की टीव्हीमागे पसारा नको म्हणून मीच ती टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावली होती. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ०.५ अँपिअर मिळतो आणि हिच्या अडॅप्टरवर लिहिलंय ५ व्होल्ट १ अँपिअर, म्हणजे इतके दिवस बिचारी अर्धपोटीच चालत होती. बॉक्समधला अडॅप्टर शोधून भिंतीतल्या सॉकेटला लावला तरी काही नाही, केबल मुळाशी जरा हलवली की लाइट लुकलुकायचा आणि परत गुल. फोनची दुसरी केबल लावली, दहा सेकंदात लोगो आला!

स्टिकला चार स्टार, केबलला शून्य. एवढीशी आखूड केबल देतात, तीही असली.