वाशिष्ठीतली मगर-सफर: होडी झकास, गळ सुमार

चिपळूणजवळ वाशिष्ठीत मगरी बघायच्या तर वेळ ओहोटीची धरा. पाणी उतरलं की थंडीच्या सकाळी त्या चिखलावर जबडा वासून ऊन खात पडतात. भरतीला नुसते डोळे नि नाकपुड्या. तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, हे जाणतो. बऱ्याच अंतरावरूनच इंजिन बंद करून होडी प्रवाहावर सोडतो, म्हणून मगर हलत नाही. याला पैकीच्या पैकी!

सफरीत मासे धरायला मिळणारा भाड्याचा गळ मात्र नकोच. जिताडा या खाडीतल्या माशाच्या कल्ल्याची कड सुरीसारखी. पुढे हातभर ४० पौंड ताण सोसणारा जाड तंगूस (नायलॉनचा एकपदरी दोरा) नसेल तर ब्रेडेड लाइन, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी, कचकन तुटते, आणि इथे नेमकी तीच थेट गळाला बांधून देतात. तंगूस घरून न्या. जिवंत कोळंबी शेपटीजवळ टोचा, डोक्यातल्या काळ्या ठिपक्यात टोचली की मेलीच. आणि हात खाडीत धुवायचे नाहीत, हे काय सांगायला हवं?