घरी बांधलेली सोलर पॅनेल: नागपूरच्या गच्चीवर दहा महिन्यांनंतर

ऑक्टोबरात गच्चीवर चढवलेल्या दोन पॅनेलांनी हिवाळा, नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) आणि बराचसा पावसाळा काढला आहे. दोन्हीत १५६ मिलिमीटरचे ४० पॉली (पॉलिक्रिस्टलाइन) सेल, म्हणजे प्रत्येकी साधारण १६० वॅट. खाली ३० अँपिअरचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीत सोडणारं साधं यंत्र) आणि १२ व्होल्ट १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी. फरक एकच ठेवला होता: पहिल्या पॅनेलात सेल ईव्हीए शीट (काचेला सेल चिकटवणारं पारदर्शक प्लास्टिक) हीट गनने वितळवून बसवले, दुसऱ्यात दोन भागांचं पारदर्शक सिलिकॉन ओतून. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, चार दिवे आणि राउटर रोज चालतो. कूलर चालत नाही. १५०-२०० वॅटचा कूलर रात्रभर चालवायला ही बॅटरी पुरणारच नाही, तेव्हा तो हिशेबातून आधीच काढून टाकावा.

बहुतेक जण ३६ सेल जोडायला सांगतात. पुण्या-नाशकात ते खपून जाईल, नागपूरच्या मे महिन्यात नाही. एका सेलचा कामाचा व्होल्टेज अर्धा व्होल्ट, म्हणून ३६ सेलचे १८ व्होल्ट. पण हा आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा. बाहेर पारा ४४-४५ ला गेला की काचेखालचा सेल ७० अंशांपर्यंत तापतो. दर अंशाला दर सेलमागे सुमारे २ मिलिव्होल्ट गळतात, म्हणजे ४५ अंशांच्या फरकाने ३६ सेलचे सव्वातीन व्होल्ट गेले. उरले पावणेपंधरा. गच्चीपासून खोलीपर्यंत १० मीटर अंतर, जाऊन-येऊन २० मीटर ४ स्क्वेअर एमएम केबल. त्यात ८ अँपिअरला पाऊण व्होल्ट जातो, थोडा कंट्रोलर खातो. बॅटरीपाशी पोचतात जेमतेम पावणेचौदा, आणि ट्युब्युलरला नीट भरायला १४.४ च्या आसपास लागतात. गरम बॅटरीला थोडे कमी चालतात, तरी हे कमीच पडतात. म्हणून सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांतच बॅटरी अर्धवट राहते. चार सेल जास्त घातले की हा प्रश्न मिटतो. मात्र हिवाळ्याच्या सकाळी ४० सेलचा उघडा व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेला) २४-२५ पर्यंत जातो, तेव्हा कंट्रोलरची इनपुट मर्यादा पाहूनच घ्यावा. काही स्वस्त कंट्रोलरांवर ती २५ च लिहिलेली असते.

बांधणीत वेळ सोल्डरिंगपेक्षा सेल निवडण्यात घालवावा. ४० हवेत तर ४६ घ्यावेत. जाडी एका मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी, बोटाच्या दाबानेही तडकतात. प्रत्येक सेल दुपारच्या उन्हात मल्टिमीटरच्या १० अँपिअर रेंजवर शॉर्ट करून पाहायचा आणि मागे आकडा लिहायचा. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडल्यावर, सर्वांत कमजोर सेलचा करंटच सगळ्या पॅनेलचा करंट ठरतो, तेव्हा ८ चे सेल एका पॅनेलात, ७.५ चे दुसऱ्यात, सरमिसळ नको.

निळी बाजू ऋण, मागची धन. बसबारवर (सेलवरच्या जाड चंदेरी पट्टीवर) फ्लक्स पेन फिरवून टॅबिंग वायर (सेल जोडणारी चपटी तार) ठेवायची आणि ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न तिच्यावरून अलगद ओढायचं. दाबायचं नाही. दोन सेलांत ४ मिलिमीटर अंतर, आणि त्या जागेत वायरला हलकीशी घडी. दिवसा ७० आणि रात्री २५ अंश असा रोजचा ताण ती घडी झेलते. दहा-दहाच्या चार रांगा, आलटून पालटून उलट दिशेने, म्हणजे दोन्ही टोकं आणि मधला जोड एकाच बाजूला येतो. जंक्शन बॉक्समध्ये २०-२० सेलांवर एकेक १० अँपिअरचा शॉटकी डायोड, बायपास म्हणून. पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी अर्धं पॅनेल वाचतं आणि सावलीतला सेल भाजत नाही. अर्थात, २० सेलांचे दहा व्होल्ट एकट्याने बॅटरी भरत नाहीत. टाकीपासून लांबच बसवलेलं बरं.

आता ईव्हीए. घरगुती पॅनेल मरतात ती इथे.

ईव्हीए साधारण ७०-७५ अंशांना मऊ पडतं. कारखान्यात ते व्हॅक्युम लॅमिनेटरमध्ये १४०-१५० अंशांवर दहा-वीस मिनिटं ठेवतात, तेव्हा त्याची साखळी आतून पक्की बांधली जाते आणि नंतर ते वितळत नाही. हीट गनने शीट पारदर्शक झालं की काम झालं असं वाटतं. खरं तर ते फक्त वितळून थिजलेलं असतं. हिवाळाभर पहिलं पॅनेल दुसऱ्याच्या बरोबरीने चाललं. एप्रिलच्या शेवटी मऊ पडलेल्या थरात सेल उताराच्या दिशेने सरकू लागले, ४ मिलिमीटरची फट दोन ठिकाणी मिटली, आणि एका सेलची कड शेजाऱ्याच्या टॅबला टेकली. जूनमध्ये हवेचे बुडबुडे ओल धरून बसले आणि चंदेरी रेषा करपल्यासारख्या दिसू लागल्या. हे पॅनेल आता उतरवलं आहे. ईव्हीए पिकलं की नाही हे पाहायची सोपी खूण: कडेचा उरलेला तुकडा टोल्युइनमध्ये एक दिवस ठेवा. विरघळला तर कच्चं, फुगून तसाच राहिला तर पक्कं. ही चाचणी चढवण्याआधी करायची असते.

सिलिकॉनचं पॅनेल ठणठणीत आहे. सव्वा चौरस मीटरभर जागेला १ मिलिमीटर थर म्हणजे सव्वा लिटरच्या आत-बाहेर, आणि खर्चातला सर्वांत मोठा आकडा हाच. त्यावर पैसे वाचवायला इपॉक्सी वापरू नये, उन्हाने पिवळी पडून तडकते. कडांना लावायचं सीलंटही ‘न्यूट्रल क्युअर’च हवं. व्हिनेगरसारखा वास मारणारं नेहमीचं सिलिकॉन अॅसिड सोडतं आणि ते टॅबला खातं.

काच ३.२ मिलिमीटर टफन, आणि ती कापता येत नाही, माप आधी. अॅक्रिलिक पूर्ण बाद: दीड मीटरला ४० अंशांच्या फरकाने ४ मिलिमीटर वाढतं, काच जेमतेम अर्धा मिलिमीटर. प्लायवूडची पाठही नको, पावसाळ्यात फुगते. फ्रेमचे अॅल्युमिनियम सेक्शन इतवारी बाजारात मापाने कापून मिळतात. कल २१ अंश, दक्षिणेकडे; स्लॅबपासून अर्धा फूट वर, खालून वारा खेळला पाहिजे. आणि अँकर बोल्ट हवेतच, विटा ठेवून भागत नाही. ताशी १०० किलोमीटरच्या वावटळीत एका पॅनेलवर पन्नासेक किलोचा रेटा येतो.

धूळ मार्च ते जून आठवड्याला पुसावी लागते. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांनी राखही धरावी. धुणं पहाटे, तापलेल्या काचेवर दुपारी पाणी ओतू नये. आणि बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग राहतात, शेवटचा हात साध्या ओल्या फडक्याचा.

पैशाचं म्हणाल तर सुट्या भावाने काच, सेल, सिलिकॉन, फ्रेम घेतल्यावर वॅटमागे तयार पॅनेलपेक्षा जास्तच पडतं. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये, घरी बांधलेल्या पॅनेलांना मिळत नाही; त्या योजनेला देशी सेलची प्रमाणित पॅनेल लागतात. महावितरणच्या नेट मीटरलाही ही जोडता येत नाहीत. स्वतंत्र बॅटरीवर चालवायची असतील तरच हा उद्योग.

राहिलेल्या पॅनेलवर जुलैत दुपारचा करंट अडीच अँपिअरने घसरला, उघडा व्होल्टेज मात्र जसाच्या तसा. हे लक्षण जोड सुटल्याचं: व्होल्टेज ठीक, करंट कमी. लोड चालू ठेवून भर उन्हात पाठीमागून इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला की शेजाऱ्यांपेक्षा गरम जागा लगेच सापडते. जोड जंक्शन बॉक्सकडच्या बस वायरचा (रांगा एकमेकींना जोडणाऱ्या रुंद पट्टीचा) निघाला, सिलिकॉनच्या बाहेरचा, म्हणून पुन्हा सोल्डर करता आला. बस वायर ५ मिलिमीटर रुंद असते, आयर्नची उष्णता ओढून घेते. तिथे टोक पाच-सहा सेकंद जास्त धरावं लागतं.