एक टीबीची डिस्क आणि ६९ जीबींचं भांडण

शिगम्याच्या आधी घेतलेली १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क चवथ झाल्यावर, सातव्या महिन्यात भरली. गावातल्या नाटकांची आणि भजनांची चित्रीकरणं ठेवायला घेतली होती. वेग, वजन वगैरे बॉक्सवर छापलेलं आहेच. पावसाळ्यात केबलचं टोक सैल झालं, १५० रुपयांची नवी आणली, विषय संपला. माझं भांडण वेगळंच आहे.

पहिल्याच दिवशी कोऱ्या डिस्कवर विंडोजने ९३१ जीबी दाखवले. ४,६५० रुपयांना १,००० जीबी, म्हणजे जीबीला ४ रुपये ६५ पैसे. ६९ गायब, म्हणजे ३२१ रुपये पाण्यात. तेवढ्यात बांगड्यांचा वाटा येतो! फोंड्याहून पणजीचं दुकान गाठलं, पेट्रोल वेगळं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "बाब, सगळ्याच अशा येतात." सगळेच लुटतात म्हणून तुम्हीही लुटणार का, असं चार गिऱ्हाइकांसमोर विचारून आलो. सर्व्हिस सेंटरला तीन फोन केले. तिसऱ्याने सांगितलं, फॉरमॅटमध्ये जागा जाते. जाते, पण किरकोळ. फॉरमॅट करून पाहिलं, ९३१ ते ९३१च.

हे भांडण मे महिन्यातच रिव्ह्यू म्हणून लिहून ठेवलं होतं, एक तारा देऊन. टाकायचं राहिलं ते बरं झालं.

जूनमध्ये भाचा आला. त्याच्या मॅकला हीच डिस्क लावली, तर चक्क १ टीबी! आता विंडोजवर संशय. भाच्याने माझ्याच लॅपटॉपवर डिस्कची प्रॉपर्टीज उघडली. एकाच ओळीत दोन आकडे: डावीकडे एक लाख कोटी बाइट आणि वर थोडे, उजवीकडे ९३१ जीबी. बाइट पूर्ण आहेत. माप बदललंय.

आजोबा भात मोजायचे तेव्हा सपाट माप वेगळं आणि शिगेचं वेगळं. इथेही तेच. डिस्कवाले १०० कोटी बाइटना जीबी म्हणतात, हे सपाट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्याचा जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटचा, हे शिगेचं. तेच धान्य मोठ्या मापाने मोजलं की मापं कमी भरणारच. गंमत म्हणजे माप वाढेल तशी शीगही वाढते: केबीला २.४ टक्के, एमबीला जवळजवळ ५, जीबीला ७.४, टीबीला १०. म्हणून फ्लॉपीच्या काळात कुणी ओरडलं नाही. ती १.४४ एमबीची फ्लॉपी तर धड सपाटही नव्हती, शिगेचीही नव्हती: १,४४० गुणिले १,०२४ बाइट.

खरा राग पुढे आहे. माझ्या लॅपटॉपची ८ जीबी रॅम शिगेच्या मापाची, कारण मेमरीचे पत्ते दुपटी-दुपटीनेच वाढतात. त्याच लॅपटॉपमधली डिस्क सपाट मापाची. एकाच बॉक्सवर दोन मापं, दोन्हींना नाव जीबी! शिगेच्या मापासाठी १९९८ साली किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं ठरली आहेत, पण पणजीत जाऊन गिबीत डिस्क मागून दाखवा. ॲपलने २००९ मध्ये मॅकवर सपाट माप धरून निदान स्वतःपुरता तरी घोळ मिटवला. विंडोज अजून गिबी मोजतं आणि जीबी लिहितं. (इंटरनेटवाल्यांचं तर विचारूच नका. त्यांचे १०० एमबीपीएस बिटमध्ये असतात, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागा, सेकंदाला साडेबारा एमबी हाती येतात.)

तर डिस्कला चार तारे. एक कापला, कारण '१ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट' हे बॉक्सच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरात आहे की मला ते भिंग घेऊन सातव्या महिन्यात सापडलं. शेजारी '९३१ दिसतील' एवढं छापायला शाई किती लागते?

गेल्या आठवड्यात २ टीबीची घ्यायला त्याच दुकानात गेलो. मान खाली घालूनच. दुकानदाराने बिल करायच्या आधी बॉक्स माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "बाब, १.८१ दिसतील. आता सांगतो, मग नको."