जुन्या सीआरव्हीसाठी होंडाचं ड्युअल पंप फ्लुइड टू : घ्या, आणि घरीच बदला

ज्यांच्याकडे अजून दुसऱ्या पिढीची सीआरव्ही आहे, म्हणजे आपल्याकडे २००३ साली आली ती, रियल टाइम फोर व्हील ड्राइव्हवाली, त्यांच्यासाठी लिहितोय. आधीच सांगतो, मागच्या डिफरन्शियलमध्ये (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) पडणारं हे ऑइल महाग वाटलं म्हणून काउंटरवरून परत फिरू नका. गाडीचं अख्खं फोर व्हील ड्राइव्ह याच्यावर चालतं.

लक्षण सगळ्यांचं एकच असतं. सोसायटीच्या पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गाडी काढताना मागून घुर्रर्र असा कण्हल्यासारखा आवाज येतो, मागच्या सीटखाली थरथर जाणवते, आणि सरळ रस्त्याला लागलं की सगळं शांत. बडोद्यात जुन्या फोर बाय फोरला हात लावणारे मेकॅनिक आधीच कमी, त्यातले काही ऐकल्या ऐकल्या बेरिंग गेलं म्हणतात, काही डिफरन्शियल उतरवायचं म्हणतात, आणि एकाने तर मला प्रोपेलर शाफ्टच (पुढून मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा) काढून टाका, टू व्हीलवर मस्त चालेल असं सुचवलं. अहो मग ही गाडी ठेवायचीच कशाला! पावसाळ्यात जांबुघोड्याकडच्या कच्च्या रस्त्यावर पुढची चाकं चिखलात फिरायला लागली की मागून जो हलका धक्का मिळतो ना, त्याच्यासाठीच तर मी ही गाडी इतकी वर्षं सांभाळलीय.

आवाज का येतो ते नीट समजून घ्या म्हणजे कोणी घाबरवणार नाही. मागच्या डिफरन्शियलमध्ये दोन हायड्रॉलिक पंप आहेत, एक प्रोपेलर शाफ्टवर म्हणजे पुढच्या चाकांच्या वेगाने फिरतो, दुसरा मागच्या चाकांच्या वेगाने. दोन्ही सारखे फिरतायत तोवर ऑइल एकातून दुसऱ्यात नुसतं फिरत राहतं, पण पुढची चाकं घसरून जोरात फिरली की प्रेशर वाढतं आणि त्या प्रेशरने क्लचच्या प्लेटा दाबल्या जाऊन मागच्या चाकांना जोर मिळतो. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, सगळा कारभार ऑइलचा. आता टाइट वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जरा जास्तच अंतर कापतात, त्यामुळे थोडं प्रेशर तेव्हाही बनतं आणि प्लेटा किंचित सरकतात. ऑइल चांगलं असेल तर गुळगुळीत सरकतात, ऑइल मेलेलं असेल तर अडकत सुटत अडकत सुटत सरकतात, आणि तोच तो आवाज.

म्हणूनच यात ९० नंबरचं गिअर ऑइल चालत नाही. "साहेब, बधा आ ज नाखे छे" (सगळे हेच टाकतात) असं ठामपणे सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, ते ऑइल साध्या डिफरन्शियलसाठी आहे, क्लच प्लेटांसाठी नाही. आणि होंडाचंच व्हीटीएम-फोर नावाचं एक वेगळं ऑइल येतं ते पण यात घालायचं नाही. बाटलीवर ड्युअल पंप टू असंच वाचून घ्या, सील तपासा, पक्कं बिल मागा.

काम घरी होतं, अगदी आरामात. स्टेपनी मागच्या दारावर असल्यामुळे खाली जागा मोकळी मिळते. डिफरन्शियलला दोन प्लग आहेत, वरचा भरायचा, खालचा काढायचा, दोन्हीला चौकोनी खाच आहे, ३/८ इंची रॅचेट सॉकेटशिवाय थेट बसतो. आधी वरचा सोडवा. हे फार महत्त्वाचं, कारण खालचं ऑइल काढून बसलात आणि वरचा प्लग गंजून जाम निघाला तर गाडी जागेवरच अडकली. दोन थेंब गंज सोडवणारं ऑइल आदल्या रात्री मारून ठेवा. थोडी चालवून गरम करून काढलं की सगळा गाळ येतो. माझ्या गाडीतून निघालं ते काळंकुट्ट, जळका वास, आणि खालच्या प्लगला लोखंडी भुकटीचा लेप, बोटाने चोळला तर मऊ लागला, कण टोचले नाहीत, म्हणजे गिअर शाबूत. नवीन ऑइल मधाच्या रंगाचं असतं, फरक बघून वाईटच वाटतं. वायसर नवीन घाला, प्लग ४७ न्यूटन मीटरला आवळा, गाडी सपाट जागी ठेवून वरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा.

तक्रार एकच. लागतं साधारण १ लिटर आणि बाहेरून आलेली बाटली असते ९४६ मिलीची, म्हणजे जरासं कमी पडतं आणि दुसरी फोडावीच लागते. पण मी सरळ तीनच घेतो, कारण गाडीची हालत खराब असेल तर भरायचं, रविवारी मकरपुरा जीआयडीसीत मोकळ्या रस्त्यावर डावी-उजवी आठाच्या आकड्यात फिरवायची, परत काढायचं आणि परत भरायचं. प्लेटांमध्ये अडकलेलं जुनं ऑइल तेव्हाच निघतं. माझा आवाज पहिल्या भरण्यातच अर्ध्यावर आला होता, दुसऱ्यानंतर पूर्ण बंद.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या गाड्यांना लागलं त्यांनी तर किलोमीटर मोजत बसूच नये. पाणी ब्रीदरमधून (डिफरन्शियलचं हवा जायचं भोक) किंवा सीलमधून आत गेलं तर ऑइल दुधाळ होतं आणि पंप, प्लेटा, बेरिंग सगळ्यांची वाट लागते. इंजिन, सीट, कार्पेट सगळे बघतात, हे कोणी उघडून बघत नाही. एरवी मी ४० हजार किलोमीटरला बदलतो, गाडी इतकी जुनी असताना त्यापेक्षा ताणू नये असं माझं मत.

टायरचं पण बघा. दोनच नवीन टाकले, मागचे झिजलेले तसेच ठेवले तर पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा होतो, मग सरळ रस्त्यावरही पंपांच्या वेगात फरक पडत राहतो आणि नवीन ऑइल पण लवकर मरतं. चारही एकाच कंपनीचे, एकाच वेळी. आणि कधी टो करायची वेळ आली तर पुढची चाकं उचलून ओढू देऊ नका, फ्लॅटबेडच मागवा.

बडोद्यात कुणाला पहिल्यांदा करायचं असेल तर रविवारी सकाळी हाक मारा, ऑइल भरायचा हातपंप, पारदर्शक नळी आणि ट्रे माझ्याकडे आहे, बाटल्या आणि वायसर तेवढे तुम्ही आणा.