कोड सुचवणारं सॉफ्टवेअर: सात महिन्यांनंतर

इंदूरला रामबागेत घरी बसून मी अमेरिकेतल्या क्लिनिकांचं मेडिकल कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला ठरलेला कोड लावते. हे सॉफ्टवेअर ऑफिसनं गळ्यात मारलं त्याला सात महिने झाले. नाव लिहीत नाही, नोकरी टिकवायचीय.

वेगाला तोड नाही. 'ओरल थ्रश' (तोंडातली बुरशी) टाकलं की बी३७.० लगेच हजर. पण डॉक्टरांनी निदानाच्या ओळीत नुसतं 'कॅंडिडा', म्हणजे त्या बुरशीचं नाव, लिहिलं की बी३७.९ देऊन मोकळं, म्हणजे जागा न सांगितलेला. वरच 'तोंडात' लिहिलेलं असतं, तिकडे ते बघतच नाही.

आपल्याकडे फोड असोत की बुरशी, 'तोंड आलंय' म्हटलं की झालं. इथे मात्र परत परत येणारे फोड के१२.०, ल्युकोप्लाकियाचा पांढरा चट्टा के१३.२१ आणि बुरशी बी३७.०. मी आपटले ते वेगळ्याच ठिकाणी. चार्टवर होतं, 'जिभेवर पांढरा थर, थ्रशची शक्यता', खाली निस्टॅटिन, बुरशीवरचं औषध. स्क्रीनवर बी३७.० आणि शेजारी हिरवी टिक. रात्रीचे दोन वाजलेले, बाहेर धो धो पाऊस, लाइट जायच्या आत फाइल संपवायची होती. दाबलं बटण. ऑडिटमध्ये बरोबर सापडले. ओपीडीच्या चार्टवर 'शक्यता' असेल तर रोगाचा कोड लावायचा नाही, लक्षणाचा लावायचा. निस्टॅटिनवरून बुरशी ताडणं हे तर कोडरचं कामच नव्हे, डॉक्टरांना विचारायचं. हे मला ठाऊक होतं, म्हणून जास्त लागलं.

बारा दिवसांच्या बाळालाही ते बी३७.०च देत होतं. नवजाताचा कोड पी३७.५, आणि हे दोन्ही एकत्र चालत नाहीत. जन्मतारीख समोर असून! तीनदा तक्रार केली, तेव्हा कुठे पाचव्या महिन्यापासून वय बघायला लागलं.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. दम्याच्या पंपामुळे थ्रश झाला असं डॉक्टरांनी लिहिलं असेल, तर ते बी३७.० आधी ठेवतं आणि औषधाच्या दुष्परिणामाचा टी-कोड त्यानंतर आठवणीनं मागतं. (आमच्या सासूबाईंना पंपानंतर चूळ भरा म्हटलं की म्हणतात, 'चहा घेते की लगेच.')

करार वाढवायचा का, असं ऑफिसनं परवा विचारलं. मी हो कळवलंय. ती हिरवी टिक बंद करता येते का, तेवढं विचारलंय.